कालेज वास्ते, मिल वास्ते, सरकार वास्ते

सहकार्य मोजता येतं, असं मी एकदा लेखी कबूल करून बसलो. त्याची शिक्षा म्हणून मला चांदा जिल्हा पाहायला मिळाला. शिक्षा इतकी सुखाची असते हे आधी कळलं असतं, तर आणखी दोन-चार गोष्टी कबूल केल्या असत्या.

मी पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. राज्यांची फेररचना झाली, चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि त्याच्याबरोबर तिकडच्या जुन्या योजनांच्या फायलीही आल्या. त्यांतली एक बांबूची होती. एक कॉलेज, एक कागदाची गिरणी आणि जंगल खातं अशा तिघांनी मिळून संशोधन करायचं, अशी ती योजना. आलापल्लीच्या जंगलात बांबूबनाचे तीन तुकडे राखलेले. एका तुकड्यातला बांबू कॉलेजवाले सांगतील तसा तोडायचा, दुसऱ्यातला गिरणीला हवा तसा, तिसऱ्यातला खात्याच्या नियमानं; आणि कुठल्या तोडीनंतर नवा बांबू जास्त फुटतो ते दरसाल पाहायचं. सहा वर्षं हे चाललं होतं.

या फायली तपासणाऱ्या मुंबईच्या समितीला प्रश्न पडला, की हे तिघे खरंच मिळून काम करतात की मैत्री नुसती कागदावर आहे? तेव्हा मी मोठ्या उत्साहानं एक तक्ता करून दिला. तिघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं किती, एकत्र बैठका किती, एकत्र पाहण्या किती, तिघांच्या सह्यांचे कागद किती; प्रत्येकाला गुण, एकूण शंभर. चाळीस पडले तर योजना चालू, कमी पडले तर बंद. बंद म्हणजे तिन्ही तुकडे येत्या हिवाळ्यात बाकीच्या जंगलाबरोबर तोडीला जाणार आणि सहा वर्षांची मोजणी पाण्यात. समितीनं तक्त्याचं कौतुक केलं आणि म्हटलं, आता तुम्हीच जाऊन भरून आणा. श्रावण संपत आला होता. छत्री, गमबूट आणि कोरे तक्ते घेऊन मी निघालो.

नागपूर, गिरणी, चांदा

योजनेतलं कॉलेज नागपूरचं. तिथल्या प्राध्यापकांनी मला फार अगत्यानं चहा पाजला. बांबूचे आकडे त्यांच्याकडे सहाही वर्षांचे होते, सुवाच्य अक्षरात. मी विचारलं, "मोजतं कोण?" ते म्हणाले, "गिरणी पाठवते की! त्यांची माणसं असतात तिथे."

गिरणीतल्या साहेबांकडेही तसेच सुवाच्य आकडे होते. ते म्हणाले, "हे जंगल खात्याकडून येतात. खातं या बाबतीत फार चोख आहे."

चांद्याला जंगल खात्याच्या कचेरीतले हेडक्लार्क वयस्क होते. त्यांनी फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. "आकडे कालेजचे होत जी. आमी फक्त फायलीले लावतो."

मी तक्ता उघडला. पत्रं जेमतेम, बैठक एक, तीही एक जण न आल्यानं तहकूब झालेली. पाहण्या नाहीत, तिघांच्या सह्या कुठेच नाहीत. गुण भरले अकरा. तिघेही चांगली माणसं, तिघांनाही दुसऱ्यांबद्दल आदर, आणि मोजतं कोण हे तिघांपैकी एकालाही माहीत नाही! असल्या गोष्टीनं मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. त्या दिवशी चांद्याच्या परकोटाच्या सावलीत जेवताना दोन्ही एकदम आलं, आणि वांग्याच्या तिखट भाजीनं ठसका लागला तो वेगळाच.

वैनगंगा

चांद्याहून मोटार पोंभुर्ण्याच्या बाजूनं नदीकडे जाते. दोन्ही अंगांना भातखाचरं, आणि खाचरांच्या पलीकडे लगेच जंगल. आपल्याकडे डोंगर असतो, डोंगरावर झाडी असते. इथे सपाट जमिनीवर, माणसाच्या अंगणापर्यंत झाडी येऊन उभी राहते. आपण ज्याला भाताची लावणी म्हणतो तिला इकडे रोवणा म्हणतात. उशिराचे रोवणे चालले होते आणि ओळीनं वाकलेल्या बायका गाणं म्हणत मागे मागे सरकत होत्या.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझी चौकशी केली.

"कुठचे होय जी तुमी?"

"पुण्याचा."

"मंग इथी काऊन आले, एवढ्या पान्यात?"

"मोजायला आलोय."

"काय मोजता? झाडं?"

"नाही. सहकार्य."

त्यानं थोडा विचार केला. "हे कोन्त्या जंगलात भेटते जी?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. पुढच्या बाकावरचे दोघे हसले, पण तो हसला नाही, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. 

नदीला पाणी पुष्कळ होतं, पण डोंगे चालू होते. वैनगंगा मी नकाशावर पाहिली होती. नकाशावर ती बोटाच्या नखाएवढी रुंद असते. प्रत्यक्षात पलीकडचा काठ म्हणजे एक हिरवट रेघ, आणि मधे सगळं गढूळ, गप्प, सरकणारं पाणी. मी मुठेच्या काठी वाढलेला माणूस. आमच्याकडे पूर बघायला पुलावर जातात. इथे डोंग्यात बसून त्याच्या पाठीवरून जायचं होतं. नावाडी म्हणाला, "उभे राहू नका जी, बसा. तिले उभा मानूस आवडत नाई." मी बसलो आणि पलीकडे लागेपर्यंत डोंग्याची कड सोडली नाही.

आलापल्ली

पलीकडच्या मोटारीनं आलापल्लीला पोचलो आणि उतरून मान वर केली. ती बराच वेळ खाली आली नाही. साग मी पाहिला नव्हता असं नाही. आमच्या घरच्या दारांना सागच आहे. पण या सागाचं खोड दोघांच्या कवेत मावत नव्हतं, पहिली फांदी कुठे सुटते ते बघायला टोपी काढावी लागत होती, आणि शेंड्याला पांढऱ्या फुलांचे तुरे लागले होते. पाऊस थांबला तरी पानांवरून पाणी ठिबकत होतं, एवढाल्या पानांवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज सगळीकडून येत होता, आणि त्या आवाजात मी लहान झालो. देवळात गेल्यावर आपण चपला काढून आपोआप हळू बोलायला लागतो, तसं मला झालं. हमालाशीसुद्धा मी कुजबुजून बोललो.

रेंजर साहेब भले गृहस्थ. ते दौऱ्यावर निघाले होते. जाता जाता म्हणाले, "उद्या जीप ठेवतो तुम्हाला. तुकड्यांवर दौलत आहे, आमचा गार्ड. त्याची वही या कपाटात आहे, बघून घ्या. मी काही ती उघडलेली नाही कधी."

दुपारी रेस्ट हाऊसच्या ओट्यावर बसून मी ती वही उघडली. अक्षर ओळखीचं होतं. नागपुरात, गिरणीत आणि चांद्याच्या कचेरीत पाहिलेले आकडे याच हातचे. म्हणजे तिघांच्या कारभाराचं मूळ एकदाचं सापडलं. आणि मग मी वाचायला लागलो.

"कालेज वास्ते", पुढे आकडा. "मिल वास्ते", पुढे आकडा. "सरकार वास्ते", पुढे आकडा. खाली: "जैनीबाईनं मोजून देल्ले." दुसऱ्या पानावर पुन्हा तेच, आणि कडेला: "डुकरानं खाल्ले, सात." पुढे कुठे तरी: "साळिंदर, पाच."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चांद्यापासून इथपर्यंत कानांवर पडलेली मराठी अर्धी हिंदीत भिजलेली होती, तेव्हा 'वास्ते' म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कॉलेजसाठी इतके, गिरणीसाठी इतके, सरकारसाठी इतके! राखलेल्या तुकड्यांतला बांबू हा गार्ड तिघांना वाटत होता, कुणी जैनीबाई तो मोजून देत होती, आणि डुक्कर व साळिंदर ही उघड उघड कुणा ठेकेदारांची टोपणनावं होती. सात खाल्ले म्हणे! माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. एकीकडे ते सागाचे खांब, आणि त्यांच्या सावलीत ही चोरी.

मी तिथेच अहवाल लिहिला. गुण अकरा, योजना बंद करावी, आणि सदर गार्डला ताबडतोब कामावरून दूर करून चौकशी करावी. एक प्रत मुंबईला, एक चांद्याच्या जंगल साहेबांना. पाकिटं चिकटवली आणि चारच्या मोटारीनं जाणाऱ्या टपालात स्वतः नेऊन टाकली. उद्याची तुकड्यांची भेट ही आता नुसती रीत म्हणून उरली होती. संध्याकाळी मी मोठ्या समाधानानं भात आणि जवसाची चटणी जेवलो. ते समाधान आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

तीन तुकडे

सकाळी दौलत जीपपाशी उभा होता. चाळिशीचा, बारीक, कोपराला ठिगळ लावलेला खाकी सदरा. चिखलात झिजू नयेत म्हणून वहाणा हातात. मी त्याच्याशी तुटक बोललो. त्यानं ते मनावर घेतलं नाही, साहेब लोक असेच बोलतात असं त्याला वाटलं असावं.

जीप नाल्याशी सोडून आम्ही पायी निघालो. तुकड्यांच्या तोंडाशी तीन गोंड बायका थांबल्या होत्या. त्यांतली मोठी, साठीच्या घरातली, कपाळावर आणि हातांवर गोंदण असलेली, म्हणजे जैनीबाई. तिनं "जोहार" केला. वहीतल्या चोरांचं टोळकं हे असं समोर उभं होतं, डोक्यावर पानांची इरली घेऊन.

मग काम सुरू झालं, आणि मी बघत राहिलो.

बांबूचं एकेक बेट घ्यायचं. जैनीबाई त्याच्याभोवती उजवीकडून फिरायची. या साली आलेला प्रत्येक नवा बांबू, मग तो पुरुषभर वाढलेला असो की वीतभर नाक वर काढलेला असो, त्याला चुन्याचं बोट लावायचं, म्हणजे दोनदा मोजला जायला नको. बोट लावलं की मोहाची एक बी टोपलीत. तोंडानं गोंडीत एक, दोन, तीन, चार चाललेलं, "उंदी, रंड, मूंड, नालूंग..." दुसरी बाई खाली वाकून उकरलेली माती बघायची आणि कोंब जनावरानं खाल्लेला दिसला की टोपलीत खडा टाकायची. बेट संपलं की दौलत बिया मोजून आकडा म्हणायचा, जैनीबाई मान हलवायची, मगच पेन्सिल कागदाला लागायची.

बेटांवर नंबर घातलेले पत्रे कॉलेजनं पहिल्या वर्षी ठोकले होते. गंजून ते केव्हाच गळून पडले. पण बायकांना प्रत्येक बेट नावानं माहीत होतं. अस्वल बसलं ते, वीज पडली ते, दौलत घसरला ते. दौलतनं नंबर आणि नावं यांची जोडी वहीच्या मागे लिहून ठेवली होती. गेल्या साली "अस्वल बसलं त्या" बेटात किती आले होते, हे जैनीबाईनं न बघता सांगितलं. मी वहीत पाहिलं. बरोबर होतं. त्याच्या आदल्या सालचं विचारलं, तेही बरोबर होतं.

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, मी स्वतः मोजतो. एका कोपऱ्यातली बारा बेटं घेतली आणि दोन तास, गुडघ्यापर्यंत चिखलात, डास मारत मोजली. माझे सत्तेचाळीस आले. तिचे अठ्ठेचाळीस होते.  ती मला हाताला धरून सातव्या बेटाशी घेऊन गेली आणि पायानं पाचोळा बाजूला केला. अंगठ्याएवढा एक कोंब होता. आयुष्यभर मी मुलांना नमुना कसा घ्यावा, चूक किती धरावी हे शिकवलं. बिनचूक मोजणी मी पुस्तकाबाहेर प्रथमच पाहत होतो, आणि ती अक्षरओळख नसलेल्या बाईच्या टोपलीत होती. मी तिला वाकून नमस्कार केला. तिला त्याचं फार हसू आलं.

तेवढ्यात शेजारच्या बेटाशी दुसऱ्या बाईनं उकरलेल्या जागा दाखवल्या. दौलत लिहिता लिहिता पुटपुटला, "डुकरानं खाल्ले, दोन." मी त्या उकरलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं. खुरांचे ठसे होते.  पण आपण शहाणे असलो की मनाची समजूत लवकर पटते. डुक्कर खरं असेल, म्हटलं. तरी वाटप आहेच की.

दुपारी जैनीबाईच्या अंगणात जेवायला बसलो. पळसाच्या पानांवर कण्यांचा भात, अंबाडीचं आंबट. मग तिनं एका गाडग्यातून वाफाळणारी, पिवळसर कापांची भाजी आणली आणि मला विचारलं, "वास्ते खाता का जी?"

"कशाच्या वास्ते?" मी विचारलं.

सगळे खो खो हसले. दौलतनं तोंडावर हात धरला. "कशाच्या वास्ते नाई सायेब, वास्तेच! हे का तुमच्या पानावर. बांबूचे कोवळे कोंब. आमी त्याले वास्ते म्हनतो. तुमच्या पुन्याले नाई खात?"

मी हातातला घास खाली ठेवला. कॉलेज वास्ते. कॉलेजच्या तुकड्यातले कोंब. गिरणीच्या तुकड्यातले कोंब. सरकारच्या तुकड्यातले. जैनीबाईनं मोजून दिले. डुकरानं खाल्ले, साळिंदरानं खाल्ले. त्या वहीइतकी स्वच्छ वही मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही, आणि मी तिला चोरी म्हणून टपालात टाकून आलो होतो.

"हे... तुकड्यांतले?" कसाबसा मी विचारलं.

हसणं एकदम थांबलं. दौलत म्हणाला, "नाई जी. तुकड्यातल्या एका बी वास्त्याले गावानं हात लावला नाई, सहा सालांत. श्रावनात जुनं धान संपते, नवं याचं रायते. तवा वास्त्यावरच पोट चालते इथी. तुकडे त गावाले लागूनच हायत. पन ह्या बाया नाल्याच्या पल्याड जातात, अर्धा दिवस मोडते."

"का पण? कुणी बंदी केली?"

जैनीबाईला प्रश्नच विचित्र वाटला. ती म्हणाली, "तुमी लोकं मोजता नं? मोजून होये परेंत कोन खाईन? नवं पीक बी पेनाले दाखवल्याबिगर आमी खात नाई." पेन म्हणजे त्यांचा देव. मग ती पुढे सरकली. "सायेब, कोन जिकलं? कालेज, मिल, का सरकार? दौलतभाऊले विचारतो त तो म्हनते मले समजत नाई. तुमी हिशेबाचे मानूस. सांगा."

सहा वर्षं गावानं उपाशीपोटी राखलेल्या शर्यतीचा निकाल त्यांना कुणी सांगितला नव्हता. मी वही मागून घेतली, तिथेच मांडी घालून आकडे मांडले. कल दिसत होता, पण खात्री देता येत नव्हती.

"आणखी तीन वर्षं मोजलं तर छातीठोक सांगता येईल," मी म्हणालो.

"मंग मोजू," ती म्हणाली आणि माझ्या पानावर आणखी भाजी वाढली. मी ती खाल्ली. चव गोडसर, शेवटी किंचित कडवट. प्रत्येक घासाला मला ते पाकीट दिसत होतं.

पुन्हा वैनगंगा

"एक पत्र चुकीचं गेलंय," मी दौलतला सांगितलं. "कालच्या मोटारीनं. परत आणायलाच हवं."

जीपवाला म्हणाला, "नशीब हाय तुमचं. राती वर पानी झालं. वैनगंगा चढली, डोंगे बंद. टपाल घाटावरच पडून असन."

"चला मंग," दौलत म्हणाला. पत्र कसलं हे त्यानं विचारलं नाही.

दहा कोस. चौथ्या कोसावर नाल्यात जीप रुतली. दौलतनं सागाच्या फांद्या तोडल्या, आम्ही पानं चाकांखाली कोंबली आणि ढकलली. सागाचं पान चुरगळलं की लाल रंग सुटतो, हे मला ठाऊक नव्हतं. जीप निघाली तेव्हा माझे दोन्ही हात आणि सदरा असा लाल झाला होता, की कुणाचा तरी खून करून आलोय असं वाटावं. ते फारसं खोटंही नव्हतं.

घाटावर झोपडीत टपालवाला पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. नदी कालची नव्हतीच. काल सरकत होती; आज ती अख्खी झाडं घेऊन चालली होती, आणि काठावरची सगळी माणसं तिच्याकडे बघत उभी होती. मीही क्षणभर कशाला आलो ते विसरलो.

मग पाकिटं मागितली. टपालवाल्यानं माझ्या लाल हातांकडे पाहिलं. "पिशवीत पडलं ते सरकारचं. असं कोनाले बी देता येत नाई."

"मीच लिहिलीयत ती!"

"असन. मी तुमाले वळखत नाई." मग त्याची नजर माझ्या मागे गेली. "दौलतभाऊ, तुमी वळखता का याईले?"

"हाव. पुन्याचे सायेब होय. चांगले मानूस हायत. आमच्या तुकड्यावर सोता चिखलात बसून मोजलं त्याईनं."

"मंग अर्ज लिवा, आन खाली जामीन म्हनून तुमची सही करा."

मी अर्ज लिहिला. खाली दौलतनं तेच सुवाच्य अक्षर काढलं. ज्या कागदात त्याची भाकरी काढून घ्यायची शिफारस होती, तो मला परत मिळावा म्हणून तो जामीन राहिला. दोन्ही पाकिटं माझ्या हातात आली.

योजनेचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाच्या जिवाला घोर नको. मी गुण वाढवले नाहीत. माझ्या तक्त्याप्रमाणे ते अकराच होते, आणि म्हणून तक्ताच चुकला आहे, असं मी समितीला लिहिलं. दौलत तीन तक्ते भरून ज्याची गाडी आधी भेटेल तिच्यावर देतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं आकडे दुसऱ्यानं पाठवले. या तिघांचं सहकार्य म्हणजे एक गार्ड, तीन बायका आणि एका गावाची भूक आहे. आणि त्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही. सोबत वहीची नक्कल आणि माझे सत्तेचाळीस, तिचे अठ्ठेचाळीस. समितीनं तीन वर्षांची मुदत दिली. त्या हिवाळ्यात तुकड्यांवर कुऱ्हाड पडली नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. आम्ही दोघे काठावरच्या एका ओंडक्यावर बसलो होतो. न सांगता ती पाकिटं नदीत टाकता आली असती. मला ते जमलं नाही. मी एक फोडलं आणि त्याला सगळं वाचून दाखवलं. वाटप, टोपणनावं, कामावरून दूर करावं हे शब्दसुद्धा.  "दौलतभाऊ," मी म्हणालो, "मी तुमचा फार मोठा अपराध केला. काय वाटेल ते बोला मला."

 तो रागावला असेल, असं मला वाटलं. पण त्यानं जेवणापासून माझ्याजवळच राहिलेली वही घेतली, सदऱ्याला पुसली आणि सावकाश तिची पानं चाळली.

"सहा साल झाले सायेब मी हे लिवून राह्यलो," तो म्हणाला. "तीन जागी पाठवतो. कोनी एका शब्दानं विचारलं नाई, का दौलत, हे काय लिवलं? तुमी उलटं वाचलं. पन वाचलं त."